बंद मेडिकलच्या मागच्या खोलीतले चार रविवार

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एका गल्लीत बंद झालेलं एक मेडिकल आहे. शटर कायम खाली असतं. बाजूच्या बोळातून आत गेलं की मागची खोली लागते आणि तिथे दर रविवारी सकाळी दहा ते एक फार्मसीच्या मुलामुलींचा वर्ग भरतो. वर्गाला नाव नाही, बाहेर पाटी नाही. डी.फार्म. (फार्मसीची पदविका) किंवा बी.फार्म. (पदवी) झालेल्या, मेडिकलमध्ये इंटर्नशिप करायची असलेल्या मुलांची मुलाखतीची तयारी तिथे करून घेतात. चार रविवार, फी अठराशे रुपये, एका वेळी आठच जण. मी हा वर्ग जूनमध्ये केला, जुलैत मुलाखत दिली आणि सध्या औषधांच्या एका मोठ्या साखळी दुकानात (एकाच कंपनीच्या ठिकठिकाणी शाखा असतात त्यातल्या) काउंटरवर शिकते आहे. माझ्या मागून येणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं की पैसे वसूल होतात का, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्यावरून तुम्हाला हा वर्ग लागू पडतो की नाही ते कळेल. माझं वय ३६. बारावी सायन्स झाल्यावर लग्न झालं. मुलगी सातवीत गेली तेव्हा मी डी.फार्म.ला प्रवेश घेतला. दोन वर्षं वर्गात माझ्या निम्म्या वयाची मुलं होती आणि ती मला 'ताई' म्हणायची. परीक्षा पास होणं जमलं. खरी भीती पुढच्या टप्प्याची होती. डी.फार्म.ला लेखी परीक्षेनंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण करावं लागतं आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषधं देण्याच्या कामात जावे लागतात. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरी तो कसा पाळला जातो हे मी डोळ्यांनी पाहिलं. घराजवळच्या एका मेडिकलमध्ये विचारायला गेले तर मालक म्हणाले, "ताई, रोज यायची काय गरज नाही. तीन महिन्यांनी या, सही-शिक्का देतो." त्यांना वाटलं ते माझ्यावर उपकार करताहेत. मी घरी आले आणि रडले. दोन वर्षं पहाटे चारला उठून अभ्यास केला तो काय एका शिक्क्यासाठी?

मग एका मैत्रिणीने सांगितलं की साखळी दुकानांत रीतसर मुलाखत घेऊन इंटर्न घेतात आणि काम खरंच करून घेतात. म्हणून मी तिथे अर्ज केला. तयारीसाठी आधी १,४९९ रुपये भरून एक ऑनलाइन कोर्स घेतला होता. त्यात हजारो बहुपर्यायी प्रश्न होते: या औषधाचा गट कोणता, त्या औषधाचा अर्धायुकाल (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) किती. लेखी परीक्षेसाठी ते ठीक असेल. पण मी आठवडाभर ते सोडवत बसले आणि एकदाही माझ्या मनात काउंटरपलीकडे माणूस उभा राहिला नाही. मुलाखतीत तर तोच माणूस विचारतात, हे मला नंतर कळलं.

वर्ग घेणारे सर स्वतः ३० वर्षांहून जास्त काळ फार्मासिस्ट होते, आधी सरकारी दवाखान्यात आणि मग याच दुकानात. गुडघ्यांमुळे उभं राहणं जमेना म्हणून दुकान बंद केलं. लाकडी काउंटर, खण, रॅक, चिठ्ठ्या अडकवायची तार, सगळं अजून जागच्या जागी आहे. खणांत आता रिकामी खोकी आणि मुदत संपलेल्या, लाल पेनने फुली मारलेल्या स्ट्रिपा आहेत, शिकवण्यापुरत्या. आणि काकू आहेत. सरांच्या पत्नी. त्या गिऱ्हाईक होतात. या वर्गाची सगळी किंमत माझ्या मते काकूंमध्ये आहे.

पहिल्या रविवारी येताना घरातल्या एका माणसाच्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगतात. मी सासूबाईंची नेली. सरांनी ती काउंटरवर ओतली आणि म्हणाले, "आता यातली प्रत्येक गोळी त्या कधी आणि कशाबरोबर घेतात ते सांग." मी सांगत गेले: थायरॉइडची सकाळी, कॅल्शियमची सकाळी, दोन्ही चहाबरोबर, मीच हातात देते. सर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात माझं मलाच आठवलं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायचं असतं आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत नि त्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि घरात तीन वर्षं सासूबाईंना दोन्ही गोळ्या एका तळहातावर ठेवून देत होते. त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर हलवलं. माझे अठराशे रुपये तिथेच फिटले, पुढचं सगळं वर.

दुपारी बाराच्या सुमारास काकू पदर खोचून काउंटरपलीकडे येतात. पहिल्यांदा त्या खेड्यातून आलेली आई होत्या. "ल्येकाला ताप हाय. डाक्टरनी ह्ये लिवलंय, द्या की लवकर, यष्टी सुटंल." चिठ्ठीवर एवढंच: पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम, ताप आल्यास. रॅकमध्ये तीन बाटल्या. माझ्याआधीच्या मुलाने पटकन एक सिरप उचललं आणि "एक चमचा द्या" म्हणून मोकळा झाला. सरांनी त्याला थांबवलं आणि आम्हा आठही जणांना तिन्ही बाटल्यांची लेबलं मोठ्याने वाचायला लावली. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२०. दुसऱ्यात ५ मिलिलिटरमध्ये २५०. म्हणजे तेच १५० मिलिग्रॅम द्यायला थेंबांचे दीड मिलिलिटर लागतात, पहिल्या सिरपचे सव्वासहा आणि दुसऱ्याचे तीन. आईने थेंबांची बाटली नेली आणि सवयीने पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजला तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील, तिपटीहून जास्त. सरांनी मग विचारलं, "बाळाचं वजन कोणी विचारलं?" कोणीच नाही. मुलांना साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १५० हे दहा किलोच्या बाळाचं झालं. बाळ सहा किलोचं निघालं तर काय करायचं? डॉक्टरांना फोन. आपण स्वतः मात्रा बदलायची नाही आणि गप्पही बसायचं नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट त्यांनी करायला लावली जी मी आता रोज करते. औषध दिल्यावर 'कळलं ना?' असं विचारायचं नाही, कारण माणूस 'हो' म्हणतो आणि निघून जातो. "घरी गेल्यावर किती आणि कसं देणार, मला एकदा करून दाखवा," असं म्हणायचं. काकूंनी मुद्दाम मापाच्या झाकणावर चुकीच्या रेघेवर बोट ठेवलं. आमच्यातल्या एका मुलीने ते पकडलं तेव्हा काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

दुसरा रविवार चिठ्ठ्यांचा. सरांकडे जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे, नावं खोडलेला. ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (लागेल तेव्हा) ही अक्षरं आम्हाला येत होती. पण बीडी म्हणजे 'दिवसातून दोनदा' असं सांगून भागत नाही, दर बारा तासांनी म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, असं घड्याळ लावून सांगायचं. सारख्या दिसणाऱ्या नावांवर त्यांनी तासभर घालवला. हायड्रॉक्सिझिन खाजेचं, हायड्रॅलाझिन रक्तदाबाचं. घाईत लिहिलेली ही दोन नावं शेजारी ठेवली तर कोणतं कुठलं ते सांगता येत नाही. क्लोनिडिन आणि क्लोनाझेपाम, तेच. अक्षर वाचता आलं नाही तर रुग्णाला विचारायचं की दवाखान्यात कशासाठी गेला होतात. तरी शंका राहिली तर फोन.

मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली तेव्हा सर खुर्चीवरून उठले. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. त्यांनी सांगितलं की पाकिटावर नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहू नका, वार लिहा. "सोमवारी" असं. आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कोणत्या वारी ते शेजारी लिहा. मी लगेच वहीत 'वार' हा शब्द चौकटीत लिहिला. माझ्या मुलाखतीत ही चिठ्ठी जशीच्या तशी आली.

इथेच पर्यायी कंपनीचा प्रश्न निघाला. चिठ्ठीतल्या कंपनीची गोळी संपली आहे, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं समोर आहे, देऊ का? आमच्या वर्गातले बहुतेक जण म्हणाले, देऊ, घटक तोच आहे. औषध नियम १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) प्रमाणे शेड्यूल एचमधलं, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या यादीतलं, औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. डॉक्टरांना विचारून चिठ्ठी बदलून घ्यावी लागते. बाजारात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरांचं म्हणणं एवढंच होतं की मुलाखतीत आणि काउंटरवर तुझं उत्तर एकच असलं पाहिजे. मला हे फार पटलं.

तिसऱ्या रविवारी कायदा. हा भाग रटाळ होईल असं वाटलं होतं. पण सरांनी कलमं पाठ करून घेतली नाहीत. त्यांनी टेबलावर वीस खोकी टाकली आणि म्हणाले, रचा. डाव्या कोपऱ्यात साधं आरएक्स (चिठ्ठीचं चिन्ह) असलेली शेड्यूल एच. लाल आरएक्स आणि लाल चौकटीत सूचना असलेली एच-१, म्हणजे त्याहून कडक नियमांची यादी. सर्वांत कडक बंधनं असलेल्या शेड्यूल एक्सची वेगळी, त्यांच्यावर लाल रंगात एक्सआरएक्स. अ‍ॅझिथ्रोमायसिन कुठे? आम्ही सगळ्यांनी एच-१ मध्ये टाकलं, अँटिबायोटिक म्हणून. चूक. ते एचमध्ये आहे. सेफिक्झिम आणि लिवोफ्लॉक्सॅसिन एच-१ मध्ये. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, क्षयरोगाची औषधं हीसुद्धा एच-१ मध्ये. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली आणि तेव्हापासून या औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं जपायची. सरांनी कोऱ्या वहीत रेघा मारून प्रत्येकाकडून दहा नोंदी करून घेतल्या. हाताने लिहिल्यामुळे माझ्या डोक्यात बसलं. क्षयरोगाची औषधं घेणाऱ्याची माहिती २०१८ पासून मेडिकलवाल्यालाही सरकारी यंत्रणेकडे कळवावी लागते, हे मला कॉलेजात कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

मग काकू आल्या, या वेळी डोळे सुजलेल्या. "तीन रात्री झोप नाही ओ. मागच्या वेळची चिठ्ठी हरवली. दोनच गोळ्या द्या, तुमच्या पाया पडते." आणि खरंच वाकल्या. त्या वेळी काउंटरमागे मी होते. मी "चिठ्ठीशिवाय मिळत नाही" असं म्हटलं आणि गप्प झाले. सर म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण बाई आता दुसऱ्या दुकानात जाईल. पुन्हा कर. दुसऱ्या वेळी मी त्यांना स्टुलावर बसवलं, डॉक्टर कोण ते विचारलं, दवाखान्याची वेळ सांगितली, फोन लावून देते म्हटलं. गोळी दोन्ही वेळा दिली नाही. काकूंनी नंतर खऱ्या आवाजात सांगितलं, "दुसऱ्या वेळी मला राग आला नाही बघ." मुलाखतीची तयारी म्हणून कुठेही असं शिकवत असतील तर मला माहीत नाही. मला तरी दुसरीकडे मिळालं नाही.

त्याच दिवशी फ्रिज उघडला. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं हे सगळ्यांना येतं. पण फ्रीझरला चिकटलेली बाटली गोठली असेल तर ती वितळल्यावरही द्यायची नाही, दिसायला चांगली असली तरी. फ्रिजमधल्या तापमापकाची नोंद दिवसातून दोनदा वहीत हवी. वीज गेली तर दार उघडायचं नाही. खेड्यात घेऊन जाणाऱ्याला बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका म्हणून सांगायचं, मध्ये कापड घाला.

आणि सिरिंज. यावर सरांनी पाऊण तास घेतला आणि मी तो कधीच विसरणार नाही. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटच्या (युनिट म्हणजे इन्शुलिन मोजायचं माप) असतात आणि पेनमध्ये घालायची काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. डॉक्टरांनी २० युनिट लिहिलं आहे. ४० ची बाटली आणि चुकून केशरी टोपणाची सिरिंज दिली, माणसाने २० च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर वाढत जाते आणि कोणाला कळत नाही का. उलट झालं, १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट. माणूस झोपेतून उठणार नाही. सरांनी दोन्ही सिरिंजांत रंगीत पाणी भरून ते दोन सारख्या काचेच्या नळ्यांत ओतून दाखवलं. दोन नळ्यांतला फरक बघून खोलीत कोणी बोललं नाही. माझे वडील मधुमेहाचे होते. त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांची सिरिंज कोणत्या रंगाची होती हे मला आठवत नाही, आणि त्या रात्री मी बराच वेळ ते आठवत जागी होते.

चौथा रविवार सराव-मुलाखतीचा. इथे वर्ग थोडा कमी पडतो आणि ते स्पष्ट लिहायला हवं. सरांची सराव-मुलाखत औषधांबद्दल उत्तम असते. कागदपत्रं, वेळेआधी पोचणं, इस्त्री केलेला पांढरा कोट, नखं, हे सगळं नीट सांगतात. मला त्यांनी विचारलं, "घर, मुलगी, सासूबाई सांभाळून पाचशे तास कसे करणार?" आणि माझं गोलगोल उत्तर ऐकून म्हणाले, तास मोजून सांग. मी कागदावर मांडलं: सकाळी नऊ ते दुपारी दोन, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे तीस तास, सतरा आठवडे. दुपारी मुलगी शाळेतून यायच्या आत घरी. हा कागद मी मुलाखतीला नेला आणि त्याचा फार उपयोग झाला.

पण साखळी दुकानांचं काम आता संगणकावर चालतं. बिल बनवणं, बॅच (एकाच वेळी तयार झालेला माल) आणि मुदत निवडणं, परत आलेला माल, शॉर्टबुकातली (संपत आलेल्या मालाच्या यादीतली) मागणी ऑनलाइन पाठवणं, हे वर्गात अजिबात नाही. सर अजून हाताने बिल फाडायला शिकवतात. बॅच नंबर आणि मुदत वाचायची सवय त्यातून लागते, हे खरं. 'मुदत ऑगस्ट' म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत चालतं, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी विकायचं, हे त्यांनी खोकी हलवून शिकवलं. तरी संगणकावर एकदा तरी हात फिरवायला मिळायला हवा होता. दुसरं म्हणजे शाम्पू, प्रोटीन पावडर, विटामिनच्या गोळ्या खपवण्याची उद्दिष्टं. सरांना तो विषयच नको असतो. त्यांचा राग मला समजतो, पण मुलाखतीत हा प्रश्न येतोच आणि माझी त्यावर काही तयारी नव्हती. तिसरी गोष्ट, खोलीत एकच पंखा आहे आणि जूनमध्ये जीव नकोसा होतो. लेखी टिपणं काही देत नाहीत. स्वतःची वही भरायची.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. समोर दोघं होते, एक दुकानातल्या फार्मासिस्ट मॅडम आणि एक वरून आलेले अधिकारी. पहिला प्रश्न पाचशे तासांचा. मी अडीचशेचं सांगितलं आणि माझा कागद पुढे केला. मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला, परत दिला नाही. मग चिठ्ठी: मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड. मी म्हटलं, वार विचारेन, पाकिटावर वार लिहीन, आणि त्यांना परत बोलून दाखवायला सांगेन. मग विचारलं, नोंदणीकृत फार्मासिस्ट जेवायला गेले आहेत, गिऱ्हाईक सेफिक्झिमची चिठ्ठी घेऊन आलं आहे, तुम्ही एकट्या आहात, काय कराल? मी म्हटलं, मी शिकाऊ आहे, फार्मसी कायदा १९४८ प्रमाणे त्यांच्या देखरेखीशिवाय मी औषध देऊ शकत नाही. चिठ्ठी घेईन, रुग्णाला बसवेन, मॅडमना फोन करेन. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आणि गिऱ्हाईक निघून गेलं तर? धंदा गेला." मी म्हटलं, जाऊ दे. हे बोलल्यावर मला वाटलं, संपलं. मॅडम हसल्या.

मग उद्दिष्टांचा प्रश्न आला. "महिन्याला इतक्या विटामिनच्या बाटल्या विकायच्या आहेत. कशा विकाल?" मी अडखळले. म्हटलं, ज्याला गरज आहे त्याला नक्की सांगेन, पण थायरॉइडच्या गोळीबरोबर कॅल्शियमची बाटली पिशवीत टाकताना चार तासांचं अंतर सांगितल्याशिवाय टाकणार नाही. सासूबाईंची गोष्ट सांगितली. अधिकारी काही लिहीत होते. शेवटी मॅडमनी दोन सिरिंजा माझ्यासमोर ठेवल्या, एक लाल, एक केशरी, आणि इन्शुलिनची बाटली. मी आधी बाटलीचं लेबल वाचलं. चाळीस. लाल उचलली. त्यांनी का म्हणून विचारलं तेव्हा मी आठ आणि पन्नासचा हिशेब सांगितला. चौथ्या दिवशी फोन आला.

आता हा वर्ग कोणी करावा? डी.फार्म. नुकतंच झालेल्या आणि खरंच काउंटरवर उभं राहायचं असलेल्या कोणीही. माझ्यासारख्या मधल्या काळात शिक्षण सुटलेल्या बायकांनी तर जरूर, कारण तिथे वयावरून कोणी बोलत नाही आणि काकू डबा आणू देतात. नुसता शिक्का हवा असेल तर जाऊ नका, जागा अडेल. औषध कंपनीत नोकरी हवी असेल, हॉस्पिटलच्या फार्मसीत जायचं असेल तर हा तुमचा वर्ग नाही. संगणकासाठी वेगळी सोय करा. मी ओळखीच्या एका मेडिकलमध्ये दोन संध्याकाळी बिलं बनवताना शेजारी बसून बघितली, तेवढ्यानेही पहिल्या आठवड्यातली भीती गेली. इंग्रजीची काळजी करू नका. माझी मुलाखत मराठीतच झाली, औषधांची नावं तेवढी इंग्रजी.

फी रोख घेतात, पहिल्या रविवारी मागत नाहीत. बसून बघा, पटलं तर दुसऱ्या रविवारी द्या. आमच्या तुकडीत एका मुलाकडे पैसे नव्हते, त्याला सरांनी दर रविवारी खणातल्या खोक्यांची धूळ पुसायला लावली आणि फी घेतली नाही. सध्याची तुकडी भरली आहे, पुढची दिवाळीनंतर सुरू होईल असं काकू म्हणाल्या. दहाच्या आधी पोचा, उशिरा येणाऱ्याला दाराबाहेरच्या पायरीवर बसावं लागतं. वही न्या, पाण्याची बाटली न्या. आणि घरातल्या माणसाच्या गोळ्यांची पिशवी न निवडता, न आवरता, आहे तशी उचलून न्या.